बेणणी आणि अहिंसा

भातखाचरातले तण उपटणे ही हिंसा आहे का, हा प्रश्न जैन विचारात गंभीर ठरतो. या दर्शनानुसार वनस्पती म्हणजे स्पर्श हे एकच इंद्रिय असलेला जीव. सावा, लव्हाळा आणि भाताचे रोप यांचा जीव म्हणून दर्जा एकच. तण कोणते आणि पीक कोणते, हे पेरणाऱ्याचा हेतू ठरवतो. भातात उगवलेला सावा उपटून बांधावर फेकतात, आणि त्याच्या जवळच्या नात्यातले धान्य भगर म्हणून उपवासाला चालते.

शेतकऱ्याला हा भेद करावाच लागतो. लावणीनंतरच्या पहिल्या महिना-दीड महिन्यात तणाने ऊन आणि खत ओढले, तर भाताला फुटवे कमी येतात. चिखलणी आणि खाचरात तुंबवलेले पाणी यांमुळे बरेच तण रुजतच नाही. उरलेले साधारण 20 आणि 40 दिवसांनी हाताने बेणतात. त्यात सावा ओळखणे अवघड, कारण त्याच्या काही जाती कोवळेपणी हुबेहूब भातासारख्या दिसतात. पाते आणि त्याचे आवरण जिथे जुळतात तिथे भाताला पातळ पापुद्रा असतो, साव्याला नसतो. हे साम्य बेणणीनेच घडवले. वेगळी दिसणारी रोपे पिढ्यान्‌पिढ्या उपटली गेली, भातासारखी दिसणारी नजरेतून सुटली आणि त्यांचेच बी पडत राहिले. रशियन शास्त्रज्ञ निकोलाय वाविलोव यांच्या नावाने ही नक्कल ओळखली जाते.

जैन आचार्य उमास्वातींच्या तत्त्वार्थसूत्रात प्रमादामुळे, म्हणजे बेसावधपणामुळे, झालेल्या प्राणघाताला हिंसा म्हटले आहे. गृहस्थधर्माच्या विवेचनात तिचे चार प्रकार मानतात: संकल्पी (ठरवून केलेली), आरंभी (घरकामातली), उद्योगी (उपजीविकेतली) आणि विरोधी (स्वसंरक्षणातली). गृहस्थाने संकल्पी हिंसा सोडायची असते. निर्वाहाच्या कामातली उद्योगी हिंसा पूर्णपणे टळत नाही, हे गृहीत आहे. बेणणी या प्रकारात मोडते. तरी शेतीबद्दल परंपरा एका सुरात बोलत नाही. कृषी शिकवली ती पहिले तीर्थंकर ऋषभदेव यांनी, असे ती मानते. आणि बाराव्या शतकातल्या हेमचंद्रांच्या योगशास्त्रात वर्ज्य ठरवलेल्या 15 व्यवसायांत जमीन फोडण्याचे कामही येते. कोल्हापूर, सांगली, बेळगाव भागातल्या दिगंबर जैन शेतकऱ्यांनी मात्र नांगर सोडला नाही.

उद्योगी हिंसेची कल्पना प्रामाणिक आहे, कारण ती शेतकऱ्याला निर्दोष म्हणत नाही, फक्त दोषाची पायरी सांगते. ‘निसर्गस्नेही’ म्हणवणाऱ्या पद्धतींना हा प्रामाणिकपणा नेहमी साधत नाही. जपानच्या शिकोकू बेटावर मासानोबू फुकुओका यांनी नांगरट, निंदणी आणि तणनाशक तिन्ही टाळून भात पिकवला. पण पेंढ्याचे आच्छादन, पांढरा क्लोव्हर आणि काही दिवसांचे पाणी यांनी तण दाबावेच लागले. जपानमध्येच भातात बदके सोडतात. ती कोवळे तण आणि किडे खातात, आणि हंगाम संपल्यावर बहुधा माणसाच्या जेवणात जातात.

तणनाशकाचा निवाडा हेतूवर करता येत नाही. हेतू बेणणीचाच आहे. फरक प्रमादाचा आहे. बेणणारा हात प्रत्येक रोपापाशी थांबू शकतो, फवारा थांबत नाही. मात्र नांगराविना भात घेणारा शेतकरी तणनाशक वापरतो तेव्हा नांगरटीत कापली जाणारी गांडुळे वाचतात, आणि चिखलात दिवसभर ओणव्याने बेणणाऱ्या बायकांचे कष्टही. त्या कष्टांना अहिंसेच्या चर्चेत फारशी जागा मिळत नाही, हे खटकते.

साधूचा नियम वेगळा. तो हिरव्या गवतावर पाऊलही ठेवत नाही, पण त्याच्या आहारातला भात कोणीतरी बेणलेलाच असतो. हिंसा त्याने केलेली नाही, करवलेली नाही, तिला अनुमोदनही दिलेले नाही आणि अन्न त्याच्यासाठी शिजवलेले नाही, असे परंपरेचे उत्तर आहे. एका भोजनापुरते ते पटते. संपूर्ण संघाच्या निर्वाहाला मात्र ते पुरत नाही: सर्वांनीच साधूचे व्रत घेतले तर आहार द्यायला कोणी उरणार नाही. म्हणून साधूच्या महाव्रतांचा मार्ग अणुव्रती, म्हणजे सौम्य व्रते पाळणाऱ्या, गृहस्थाच्या शेतावर अवलंबून राहतो, आणि साधूला आहार देणे हे त्या गृहस्थाचे पुण्यकर्म मानले जाते.