वाटचालीचा आनंद

आळंदी ते पंढरपूर हे अंतर सुमारे २५० किलोमीटर. वारकरी ते जवळजवळ तीन आठवड्यांत पायी चालतात. गर्दीमुळे कित्येकांना गाभाऱ्यातले दर्शनही होत नाही. कळसाला हात जोडून ते समाधानाने परततात. मग एवढे चालून मिळवले काय? मला वाटते, अभंगांत, फुगडीत, रिंगणात, वाटून खाल्लेल्या भाकरीत त्यांना विठ्ठल वाटेतच भेटलेला असतो.

म्हणजे पंढरपूर नकोच का? तसे नव्हे, दिशा हवीच. पण आपण परदेशस्थ मंडळी आरोग्याकडे केवळ आकड्यांतून पाहतो : वजन इतके, साखर इतकी. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना आठवड्याला किमान १५० मिनिटे मध्यम व्यायाम सुचवते. तो नुसता ‘उरकायचा’ म्हटला, तर आकडा गाठताच बूट कपाटात जातात. मधुमेहाच्या उंबरठ्यावर उभ्या असलेल्या मला ते परवडणारे नाही. म्हणून मी शेजाऱ्यांना सोबत घेतो, अभंग गुणगुणतो, मेपलची नवी पालवी पाहत चालतो.

वारी म्हणजे तरी काय? पुन्हा पुन्हा जाणे. ध्येय गाठले की संपते. वारी दरवर्षी नव्याने निघते. आपले रोजचे चालणेही तसेच व्हावे, हीच विठुरायाचरणी प्रार्थना!