कळते, पण बोलता येत नाही

‘अहिराणी कळते, पण आता बोलता येत नाही.’ धुळ्याच्या एका लग्नात, पुण्यात स्थायिक झालेले एक गृहस्थ हे इतक्या सहज म्हणाले, की मला राग आला. दहावीपर्यंत ज्यांची भांडणं आणि खेळ या बोलीत झाले, त्यांना ती गेल्याचं काहीच वाटू नये?

शहर, नोकरी, मुलांची इंग्रजी शाळा ही कारणं सर्वांना ठाऊक आहेत. 2001च्या जनगणनेत खानदेशी (अहिराणी धरून) बोलणारे 20 लाखांवर होते; 2011 मध्ये ते 19 लाखांच्या खाली आले. माझ्या मनात घोळत राहिलं ते निराळंच. विसरलेली भाषा कळतही नाही. जी कळते ती विसरलेली नसते. ती बोलायचं माणसाने थांबवलेलं असतं. विसरणं आपोआप होतं, थांबण्यामागे काहीतरी घडलेलं असतं.

माझ्या एका प्राध्यापक मित्राला हा भेद मान्य नाही. भाषा हे साधन आहे, वापर संपला की ती गंजते, असं तो म्हणतो. प्रमाण मराठीने खानदेशातल्या पोरांना नोकऱ्या दिल्या, हे त्याचं म्हणणं खरंच आहे. पण गंजण्याचा हिशेब नुसत्या वर्षांनी लागत नाही. नाझी जर्मनीतून इंग्रजी भाषक देशांत गेलेल्या ज्यूंची जर्मन किती टिकली, याचा अभ्यास मोनिका श्मिड यांनी 2002 मध्ये प्रसिद्ध केला. किती वर्षं लोटली यापेक्षा, छळाच्या कोणत्या टप्प्यावर माणूस देशाबाहेर पडला, हे तिथे निर्णायक ठरलं. नोव्हेंबर 1938च्या ज्यूविरोधी हिंसाचारानंतर निघालेल्यांची जर्मन सर्वांत जास्त झिजली होती.

त्या यातनांशी खानदेशाची तुलना होऊच शकत नाही. तरी एवढं त्यातून कळतं, की भाषेला दुखणं चिकटलं की ती लवकर सुटते. वर्गात ‘मी जास’ म्हणणाऱ्या पोरावर सगळे हसतात. दोनचारदा हसू झालं की ते पोर ‘मी जातो’ शिकतं, आणि घरीही जपून बोलू लागतं.

इथे बहिणाबाई आठवतात. लेवा गणबोली ही अहिराणीची शेजारीण. त्या बोलीतल्या त्यांच्या कविता 1952 साली अत्र्यांच्या प्रस्तावनेसह पुस्तकरूपाने आल्या आणि महाराष्ट्राने त्या डोक्यावर घेतल्या. पाठ्यपुस्तकांतून त्या पिढ्यान्‌पिढ्या पाठ झाल्या. बोलीतली कविता पाठ करायला लावणारी शाळा बोलीतलं उत्तर मात्र चूक ठरवते. बोली कवितेत शोभते आणि उत्तरपत्रिकेत खुपते, हे मला पटत नाही.

म्हणून दोष बोली सोडणाऱ्यांकडे कमी आणि ती ऐकून हसणाऱ्यांकडे, म्हणजे आपल्या प्रमाण मराठीवाल्यांकडे, जास्त जातो. 3 ऑक्टोबर 2024 रोजी मराठीला अभिजात दर्जा मिळाला, याचा आनंद मलाही झाला; पण शाळेत घरच्या बोलीचाही मान राहिला पाहिजे. 2020चं राष्ट्रीय शैक्षणिक धोरण निदान पाचवीपर्यंत शक्य तिथे घरच्या भाषेतून शिकवा म्हणतं. साक्री-शिंदखेड्यातल्या कितीतरी मुलांची घरची भाषा अहिराणी आहे. पहिली-दुसरीतल्या मुलाने तिच्यात बरोबर उत्तर दिलं, तर ते बरोबरच धरलं पाहिजे. प्रमाण मराठी त्याला जरूर शिकवावी; मात्र आधीची जीभ मोडून नव्हे.