मोकळ्या वेळेवर हक्क कुणाचा?

‘तुझं कॅलेंडर मोकळं दिसलं, म्हणून मीटिंग टाकली,’ हे वाक्य पुण्या-मुंबईच्या कार्यालयांत रोज ऐकू येतं. बोलणाऱ्याच्या मनात वावगं काही नसतं. तरीही ज्या तासापुढे काही लिहिलेलं नाही तो सगळ्यांचा, असं त्याने गृहीत धरलेलं असतं. अहवाल लिहिणारा, कोड तपासणारा, हिशेब जुळवणारा माणूस आपलं मुख्य काम नेमकं त्याच तासांत करतो. म्हणून टीमसाठी सामायिक कॅलेंडर सुरू करण्याआधी एकमेकांच्या वेळेत कुणी, कशासाठी आणि किती शिरायचं, हे ठरवायला हवं.

कॅलेंडर हवंच, याबद्दल दुमत नको. रजेचा निरोप व्हॉट्सॲपवर टाकला की संध्याकाळपर्यंत तो इतर निरोपांखाली गाडला जातो. मग कोण कधी नाही, हे लक्षात ठेवण्याचं ओझं टीममधल्या एखाद्याच माणसावर पडतं आणि त्या कामाची कुठे नोंदही होत नाही. अनंत चतुर्दशीला पुण्याच्या मध्यवस्तीतले रस्ते बंद असणार, हे आधीच सगळ्यांसमोर असेल तर त्या दिवशीची मुदत कुणी ठेवणार नाही.

तांत्रिक भाग सोपा आहे. गूगल कॅलेंडर २००६ साली आलं. आज त्यात टीमचं वेगळं कॅलेंडर उघडून सहकाऱ्यांना जोडायला काही मिनिटं पुरतात. या सोपेपणामुळेच परवानग्यांचा विचार राहून जातो. फक्त वेळ मोकळी आहे की नाही एवढंच दाखवायचं, नोंदीचा सगळा तपशील दाखवायचा, की नोंदी बदलण्याचाही अधिकार द्यायचा, असे पर्याय तिथे असतात. घाईघाईत सगळा तपशील खुला होतो आणि एखादीने स्वतःच्या आठवणीसाठी लिहिलेलं ‘सोनोग्राफी, दुपारी ३’ अख्खी टीम वाचते. ती तीन वाजता उपलब्ध नाही, एवढं कळलं तरी मीटिंग ठरवणाऱ्याचं काम भागतं. त्यापलीकडचं कारण तिचं तिच्यापाशी राहायला हवं.

दुसरा प्रश्न गैरसोय कुणी सोसायची याचा. न्यूयॉर्कच्या सहकाऱ्यांबरोबरचा, त्यांच्या सकाळी दहाचा कॉल उन्हाळ्यात आपल्याकडे संध्याकाळी साडेसातला असतो. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी अमेरिकेतली घड्याळं तासभर मागे जातात आणि तोच कॉल आपल्याकडे साडेआठला येतो. नोंद न्यूयॉर्कच्या वेळेला बांधलेली असेल तर कॅलेंडर ती आपोआप सरकवतं. तिकडे सकाळचे दहा दहाच राहतात. इकडे मार्चपर्यंत रात्रीच्या जेवणाचा आणि मुलांना झोपवण्याचा तास जातो. हे कुणी ठरवलेलं नसतं, म्हणून त्याबद्दल कुणी तोंडही उघडत नाही.

लोकांना न विचारता त्यांची वेळ सरकवली की काय होतं, हे मुंबईने पाहिलं आहे. १९०६ साली लागू झालेली भारतीय प्रमाणवेळ मुंबईच्या स्थानिक वेळेपेक्षा ३९ मिनिटं पुढे होती. घड्याळातला आकडा तोच, पण गिरणीत प्रत्यक्षात ३९ मिनिटं आधी हजर व्हायचं, हे ओळखून गिरणी कामगारांनी विरोध केला. नगरपालिकेनेही जुनी वेळ सोडली नाही. ‘बॉम्बे टाइम’ स्वातंत्र्यानंतरही काही वर्षं टिकून राहिला. देशभर एकच वेळ असण्याची गरज खरी होती. ज्यांची पहाट त्यासाठी कापली जाणार होती, त्यांची संमती मात्र कुणी घेतली नव्हती.

म्हणून कॅलेंडर उघडण्यापूर्वी टीमने एकत्र बसून चार गोष्टी ठरवाव्यात. रजेची नोंद करावी, कारण लिहू नये. दिवसातले काही तास मीटिंगविना राखावेत. अडनिड्या वेळेचा कॉल दोन्हीकडच्यांनी आलटूनपालटून सोसावा. मीटिंगला नकार देण्याची मुभा टीममधल्या सर्वांत नव्या माणसालाही असावी.

आणि हे नियम साहेबांनी आधी स्वतःला लावावेत. त्यांचं कॅलेंडर झाकलेलं आणि बाकीच्यांचं उघडं असेल, तर त्याला सामायिक म्हणू नये. ते हजेरीपुस्तकच आहे.