दुसरे भिंग

भाचा पोलादपूरहून एस.टी.ने आला तो कॅमेऱ्याची पिशवी गळ्यात अडकवूनच. चहा उकळेपर्यंतही त्याला दम नव्हता. "मामा, साडेबारा हजार जमलेत. एकच लेन्स येईल. कोणती घेऊ?"

माझा या विषयातला अधिकार एवढाच, की मी महाडात तीस वर्षे मुलांना विज्ञान शिकवले आणि फावल्या वेळी फोटो काढले. 'भिंग' हा शब्द मला अजून प्रिय आहे. लेन्स म्हटले की दुकानातली काच आठवते. भिंग म्हटले की उन्हात कागदाला भोक पाडणारे पोर आठवते. पण भाच्याला शब्द नको होता, सल्ला हवा होता.

कॅमेऱ्याबरोबर मिळालेली अठरा ते पंचावन्न मिलिमीटरची लेन्स त्याच्याजवळ होतीच. तिच्यानंतर नवशिक्यापुढे बहुधा दोन वाटा असतात. एक पन्नास मिलिमीटरची. ती मागेपुढे होत नाही, दिसायला बुटकी, पण उजेड मात्र पोटभर घेते. दुसरी पंचावन्नपासून अडीचशेपर्यंत जाणारी; पलीकडच्या डोंगरावरचे झाड ती पुढ्यात आणून ठेवते. शाळेच्या पुस्तकात ज्याला नाभीय अंतर म्हणतात, त्याचाच हा सारा खेळ. हिशेब सोपा आहे. पन्नासची लेन्स १.८ छिद्रापर्यंत उघडते, लांबची तिच्या टोकाला ५.६ वर अडते. म्हणजे पहिलीतून दुसरीच्या जवळजवळ दहापट उजेड आत येतो. जिथे वर्षाला तीन हजार मिलिमीटरांच्या वर पाऊस पडतो आणि आषाढात दुपारी दोन वाजता घरात दिवा लावावा लागतो, तिथे हा फरक लहान नव्हे. शिवाय लांब भिंगात हाताची थरथरही मोठी होऊन दिसते.

"आणि जुनी घेतली तर?" त्याने विचारले.

जुनी घ्यायला हरकत नाही. मात्र आपल्या हवेत लोणच्याला लागते तशी भिंगालाही बुरशी लागते. विकणारा बाहेरची काच धोतराच्या सोग्याने पुसून चकाकवतो. आत कोळिष्टकासारखे पांढरे तंतू पसरलेले असतात. म्हणून एका बाजूने बॅटरी मारायची आणि दुसऱ्या बाजूने तिरके पाहायचे. छिद्राच्या पात्यांवर तेल उतरले आहे का, फिरवताना आत वाळू करकरते का, तेही बघावे. आणि घरी आणल्यावर झाकणबंद डब्यात, ओल शोषणाऱ्या पुड्यांसह ठेवावे. कोकणात भिंग कपाटात ठेवून विसरणे म्हणजे ते बुरशीला आंदण देणे होय. इतके सांगून मी थांबलो असतो, तर हा लेख लिहावा लागला नसता.

पण मी त्याला म्हटले, "तुझे आधीचे फोटो दाखव." कॅमेरा प्रत्येक चित्राबरोबर ते किती मिलिमीटरवर काढले याची नोंद ठेवतो, हे पुष्कळांना ठाऊक नसते. पैसे खर्चण्याआधी या नोंदी वाचाव्यात; फुकटचा आणि निर्विकार सल्लागार आहे तो. भाच्याच्या चारपाचशे चित्रांपैकी बहुतेक सारी पंचावन्नवर होती. "म्हणजे बघा, मला लांबची पाहिजे," तो आनंदाने म्हणाला. आकडे त्याच्या बाजूने होते. मला मात्र त्या चित्रांत निराळेच काही दिसत होते. भात लावणाऱ्या बायका पाठमोऱ्या. हॉटेलातला चहावाला खिडकीच्या गजांआडून. उमरठच्या जत्रेतला म्हातारा एका कानाच्या बाजूने. पोरगा प्रत्येक ठिकाणी पोचण्याच्या अलीकडे दहा पावले थांबला होता. भिंग आखूड पडत नव्हते. त्याची भीड आड येत होती.

हे मला पटकन कळले याचे कारण ती भीड माझी आहे.

२२ जुलै २०२१ ला महाडात सावित्रीचे पाणी शिरले. त्याच संध्याकाळी तळिये गावावर दरड येऊन ऐंशीहून अधिक माणसे गेली. त्या गावाविषयी मी लिहीत नाही. तिथे मी गेलो नाही. माझी गोष्ट बाजारपेठेची आहे. पाणी उतरल्यावर गुडघाभर चिखल राहिला. मी दुसऱ्या मजल्यावर राहतो, म्हणून माझे काही गेले नव्हते. एका मित्राची अडीचशेची लेन्स तेव्हा माझ्याकडे होती. सज्जातून पाहिले तो समोरच्या कोपऱ्यावरचे दुकानदार पायरीवर बसून उधारीच्या वहीची भिजलेली पाने एकेक सुटी करीत होते. वीस वर्षे मी त्यांच्याकडून तांदूळ घेत आलो. भिंगातून त्यांचा चेहरा हातभर अंतरावर आला. ओठ हलत होते. बहुधा नावे वाचीत असावेत. मी फोटो काढला. इतका चांगला फोटो मी आजवर काढलेला नाही.

चार महिन्यांनी मोठ्या कौतुकाने मी तो त्यांना दाखवला. ते बराच वेळ पाहत राहिले. मग म्हणाले, "सर, हा वरून काढलात? तुमच्या सज्जातून?"

"हो."

"मग हाक मारायची होती. मी सकाळपासून एकटाच होतो."

त्यांच्या आवाजात राग नव्हता. वर ते म्हणाले, "एक प्रत द्या, पोरांना दाखवीन." मी छापून आणली, पाकिटात घातली, आणि ते पाकीट कपाटातच राहिले.

तेव्हापासून एक प्रश्न माझ्या मनात आहे: दुरून पाहण्यात नेमके चुकते काय? भिंगाला दोष देता येत नाही. लांब भिंगाने वस्तू एकमेकींना चिकटल्यासारख्या दिसतात असे आपण म्हणतो, पण तेही खरे नाही. दोन वस्तूंचे चित्रातले नाते आपण कुठे उभे आहोत यावर ठरते. भिंग फक्त त्यातला तुकडा कापून मोठा करते. म्हणजे सवाल पुन्हा पायांपाशीच येतो. पन्नासच्या भिंगाने चेहरा हवा असेल तर मला जिना उतरून चिखलातून त्यांच्यापर्यंत जावे लागले असते. तिथे ते मला दिसले असते तसा मीही त्यांना दिसलो असतो. "नको" म्हणण्याची संधी त्यांना मिळाली असती. कदाचित वहीचे दुसरे टोक धरायला त्यांनी मला सांगितले असते. अडीचशेने मला यातून सोडवले. मी पाहत होतो आणि दिसत नव्हतो.

महाडच्या माणसाने अंतराविषयी सैल बोलू नये. इथले चवदार तळे सर्वांना खुले असल्याचा ठराव नगरपालिकेने १९२४ साली केला, आणि तो कागदावर राहिला. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर हजारो माणसांसह तळ्यापर्यंत चालत गेले आणि ओंजळभर पाणी प्याले. त्यावरचा दावा मुंबई उच्च न्यायालयात १९३७ मध्ये संपला. त्या अंतराशी माझ्या सज्जाची तुलना करणे हा आगाऊपणा होईल. तरी त्या काठावरून जाताना एक गोष्ट मनात येतेच: अंतर किती, यापेक्षा ते कोण ठरवतो आणि कोणाला विचारून, हे महत्त्वाचे.

जवळ जाणे म्हणजे सद्गुण, असे मात्र मी म्हणणार नाही. प्रेताच्या तोंडापाशी कॅमेरा नेणारेही पाहिले आहेत. हेन्री कार्तिए-ब्रेसाँ बहुतेक काम पन्नासच्या भिंगाने करीत. १९४८ च्या जानेवारीत गांधीजींच्या अंत्ययात्रेच्या गर्दीत ते होते. होमाई व्यारावाला यांचा रोलीफ्लेक्स हा न बदलणाऱ्या भिंगाचा कॅमेरा. पण केवळ भिंगामुळे त्यांना माणसांत मिसळता आले असे मानणे भाबडेपणाचे आहे. उलट, घरट्यावरच्या पक्ष्याजवळ जाणे हाच अपराध. तिथे लांबचे भिंग म्हणजे सभ्यता. आमच्या सावित्रीच्या काठावर मगरी ऊन खात पडतात. त्यांच्याशी ओळख वाढवावी असा उपदेश मी भाच्याला खचितच करणार नाही.

हे सारे त्याला मी इतक्या शब्दांत सांगितले नाही. दुकानदारांची गोष्ट तेवढी सांगितली. तो गप्प झाला. मग म्हणाला, "पण मामा, तुम्ही खाली गेला असतात तर तो फोटो झालाच नसता. ते सावरून बसले असते."

याला उत्तर माझ्याजवळ नव्हते. आजही नाही. तो चेहरा एकटेपणाचा होता, आणि मी जवळ गेल्याबरोबर तो एकटेपणा मोडला असता. एक चांगले चित्र जगातून कमी झाले असते. मी शिक्षक आहे. पुष्कळ मुलांच्या चुका मी एका खुणेने निकालात काढल्या आहेत. ही मला काढता येत नाही.

शेवटी त्याने पन्नासची घेतली, नवी. उरलेल्या पैशांत डबा आणि पुड्या आल्या. महिन्याने पहिली चित्रे दाखवायला आला. निम्मी अस्पष्ट होती, कारण १.८ वर नाकाची धार साधली तर कान सुटतो, हे त्याला अजून उमगायचे होते. पण हॉटेलातला चहावाला आता समोरून होता आणि काहीतरी बोलत होता. "काय म्हणत होता रे?"

"बाजूला हो म्हणत होता. उतू जात होता चहा."

नंतर तक्रारही झाली. दादलीच्या पुलावरून मगर पाहिली, ती चित्रात पालीएवढी आली. मी म्हटले, मित्राची लांब लेन्स चार दिवस मागून आणू. मगरीसाठी विकत कशाला घ्यायची? तो हसला. मग कपाट उघडून त्याने ते पाकीट काढले, आतला फोटो पाहिला आणि परत आत सरकवला.

"दुकान उघडं असेल का आता?"

सहा वाजले होते. असेल, म्हटले. पाकीट त्याने माझ्या हातात दिले, कॅमेरा स्वतःच्या गळ्यात घातला, आणि मी चपला शोधू लागलो.