रंगासाठी निवडलेला जीव

तंजावरच्या सरस्वती महाल ग्रंथालयात दुसऱ्या सरफोजीराजांच्या (कारकीर्द १७९८–१८३२) संग्रहातली पशुपक्ष्यांची चित्रे आहेत. चित्रातला प्राणी पाहणाऱ्याकडे काही मागत नाही. घरच्या टाकीत पाळलेली लाल चेरी कोळंबी मात्र काळजी मागते.

मादी वीस-तीस अंडी पोटाखाली धरून, तिथले पाय सतत हलवत त्यांना ताजे पाणी देत राहते. तीन-चार आठवड्यांनी मोठ्यांसारखीच दिसणारी इवली पिल्ले बाहेर पडतात. कावेरीतल्या मोठ्या कोळंबीच्या पिल्लांना मात्र सुरुवातीला मचूळ पाणी लागते. म्हणून घरात वाढते ती ही चेरीच.

तिचा मूळ रंग मातकट, पारदर्शक. लाल रंग माणसाने पिढ्यान्‌पिढ्या निवडून आणला. मग फिक्या निघालेल्यांचे काय? काही हौशी लोक अशी कोळंबी माशांना खाऊ घालतात.

खरा धर्मप्रश्न इथे आहे. जैन विचारात एकेंद्रिय जीवही हिंसेच्या हिशेबातून सुटत नाही. भारताच्या १९६० च्या प्राणिक्रूरता प्रतिबंधक कायद्यात माणूस सोडून प्रत्येक सजीव ‘प्राणी’ ठरतो. ब्रिटनने २०२२ साली कोळंबी-खेकड्यांना संवेदनशील मानले. वेदना नेमकी किती, हा वाद चालू राहो. पण जो जीव आपल्या हौशीपायी जन्मला, त्याचा रंग फिका निघाला हा त्याचा अपराध कसा? संशयाचा फायदा इथे कोळंबीलाच मिळायला हवा.

फिक्यांसाठी वेगळी टाकी ठेवता येते. पुण्य म्हणून त्यांना कावेरीच्या कालव्यात सोडणे मात्र चूक: ही जात पूर्व आशियातली, इथल्या पाण्याला परकी.