वयाची अट आणि घरातला एकच मोबाइल

इंटरनेटवर मुलांना अपाय करणारा मजकूर एकाच जातीचा नसतो. बालकांच्या लैंगिक शोषणाची चित्रे हा जवळजवळ सगळ्या जगात उघड गुन्हा आहे. अश्लील चित्रफिती, जुगार, रक्तपाताची दृश्ये यांना अनेक देशांत प्रौढांपुरती मुभा आहे, मुलांना नाही. तिसरा प्रकार मात्र फसवा. त्यातली एकेक गोष्ट सुटी पाहिली तर कोणी हरकत घेणार नाही, पण तीच ढिगाने समोर येत राहिली की घातक ठरते: वजन घटवण्याच्या युक्त्या, सडपातळ अंगाची कौतुके, जगण्याला कंटाळलेल्या दोन ओळी. कायदे प्रामुख्याने पहिल्या दोन प्रकारांसाठी लिहिले गेले. मुलांचा बराचसा वेळ जातो तो या तिसऱ्याच्या सहवासात.

पहिल्या प्रकाराशी लढण्याचे एक हत्यार तरी हाताशी आहे. 2009 साली मायक्रोसॉफ्ट आणि डार्टमथ कॉलेजचे हॅनी फरीद यांनी ‘फोटोडीएनए’ हे तंत्र तयार केले. चित्र काळेपांढरे करायचे, त्याचे चौकोन पाडायचे आणि चौकोनांतल्या उजेड-अंधाराच्या चढउतारावरून आकड्यांची एक खूण काढायची. चित्र लहान केले किंवा त्याचे रंग थोडे बदलले तरी खूण जुळते. त्यामुळे एकदा पकडून यादीत नोंदलेले चित्र कोणी पुन्हा चढवू लागले तर यंत्र ते ओळखते. अर्थात यादीत असलेलेच. आज कृत्रिम बुद्धिमत्तेने एखाद्या मुलीच्या साध्या फोटोवरून नवे अश्लील चित्र बनवता येते, आणि त्याची खूण कुठल्याच यादीत नसते.

तिसऱ्या प्रकाराचे गांभीर्य सरकारदरबारी नोंदले गेले ते लंडनमधल्या एका मृत्यूच्या चौकशीत. नोव्हेंबर 2017 मध्ये 14 वर्षांच्या एका मुलीने जीव दिला. आधीच्या सहा महिन्यांत तिने इन्स्टाग्रामवर जतन केलेल्या, पसंत केलेल्या किंवा पुढे पाठवलेल्या सुमारे 16,300 गोष्टींपैकी 2,100 नैराश्य, आत्महत्या आणि स्वतःला इजा करून घेणे यांविषयी होत्या. त्यांतल्या काही तिने मागितल्या नव्हत्या. तिचा कल पाहून यंत्रणेने त्या पुढे सरकवल्या होत्या. सप्टेंबर 2022 मध्ये मृत्यूचे कारण ठरवताना कोरोनर अँड्र्यू वॉकर यांनी नैराश्यासोबत ऑनलाइन मजकुराच्या दुष्परिणामांचाही उल्लेख केला. मजकूर कुठेतरी असणे आणि तो मुलापुढे आणून ठेवणे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. जबाबदारी ठरवायची ती या दुसऱ्या गोष्टीची.

ब्रिटनचा 2023 चा ऑनलाइन सुरक्षा कायदा त्या दिशेने जातो. जुलै 2025 पासून अश्लील संकेतस्थळांना वयाची खरी खात्री करावी लागते, आणि मुलांना काय सुचवले जाते याचीही जबाबदारी कंपनीवर येते. नियम मोडल्यास जागतिक उलाढालीच्या 10 टक्क्यांपर्यंत दंड होऊ शकतो. ऑस्ट्रेलियाने दुसरी वाट धरली. 10 डिसेंबर 2025 पासून तिथे 16 वर्षांखालच्या मुलांना प्रमुख समाजमाध्यमांवर खाते ठेवता येत नाही. आईवडिलांची परवानगी असली तरीही नाही. बंदी खात्याला आहे. खाते नसताना जे दिसते ते दिसतच राहते.

वयाची अट तशी जुनीच. जगभर रूढ झालेला 13 हा आकडा अमेरिकेच्या 1998 च्या कायद्यातून आला, आणि तो कायदा होता मुलांची माहिती गोळा करण्याबाबत. कोणत्या वयात काय झेपते याच्याशी त्याचा संबंध नव्हता. शिवाय जन्मसालाच्या रकान्यात 1990 निवडायला दहा वर्षांच्या पोराला कितीसा वेळ लागतो?

भारताने ही रेषा 18 वर ओढली आहे. 2023 च्या वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यानुसार अल्पवयीनाची माहिती वापरण्यासाठी पालकांची पडताळलेली संमती लागेल; काही अपवाद वगळता त्याच्या वागण्यावर पाळत ठेवण्यास आणि त्यावरून जाहिराती दाखवण्यास मनाई आहे. नियम नोव्हेंबर 2025 मध्ये आले आणि मुख्य तरतुदींच्या अंमलाला 18 महिन्यांची मुदत मिळाली. पाळतीवरची मनाई हा यातला सर्वांत मोलाचा भाग, कारण कल हेरून माल पुढे सरकवण्याच्या धंद्याच्या मुळावरच ती घाव घालू शकते. पण त्यासाठी फोन मुलाच्या हातात आहे हे आधी कळायला हवे. इथल्या असंख्य घरांत एकच स्मार्टफोन असतो. सिम वडिलांच्या नावावर, खाते आईचे, आणि शाळेच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर गृहपाठ येतो म्हणून संध्याकाळी फोन मुलाकडे. यंत्रणेच्या लेखी तिथे चाळिशीची बाई रील्स पाहत असते. एक फोन म्हणजे एक माणूस, हे गृहीतक परदेशातून जसेच्या तसे उचलले गेले आहे.

ही अडचण काही ठिकाणी गावानेच अंगावर घेतली. सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगाव येथे 2022 मध्ये रोज संध्याकाळी सातला भोंगा वाजू लागला आणि दीड तास घरोघरचे टीव्ही-मोबाइल बंद ठेवून मुलांना अभ्यासाला बसवण्याचा पायंडा पडला. यात मोठ्यांचाही फोन खाली ठेवला जातो, ही त्यातली खरी गोम. उरलेल्या तासांत मूल काय पाहते, याला अर्थात भोंग्याकडे उत्तर नाही.

आणि प्रत्यक्ष अपाय झाल्यावर? अनोळखी माणसाने गोड बोलून फोटो मागवला आणि मग धमकावायला सुरुवात केली, तरी मुले बहुधा गप्प राहतात. घरी कळले तर आधी मार बसेल आणि मग फोन जाईल, असा त्यांचा हिशेब असतो, आणि तो बऱ्याचदा बरोबरही निघतो. धमकावणारा नेमका याच भीतीवर जगतो. खरे तर पोक्सो कायद्यात अशा गुन्ह्याची माहिती असणाऱ्याने ती कळवणे बंधनकारक आहे. 1098 ही बालकांसाठीची हेल्पलाइन आहे, आणि राष्ट्रीय सायबर गुन्हे संकेतस्थळावर बालकांविषयीची तक्रार नाव न सांगताही नोंदवता येते. अमेरिकेतल्या बेपत्ता व शोषित मुलांसाठीच्या राष्ट्रीय केंद्राची ‘टेक इट डाउन’ सेवा 2023 पासून इतर देशांतल्या मुलांनाही खुली आहे. तीतही चित्राची आकड्यांतली खूण फोनवरच तयार होते, फक्त तेवढीच पुढे जाते आणि सहभागी कंपन्या त्यावरून ते चित्र शोधून काढून टाकतात. मूळ चित्र कोणालाही दाखवावे लागत नाही. मात्र ज्या कंपन्या सहभागी नाहीत तिथे आणि कूटबद्ध खासगी संदेशांत या खुणेचा उपयोग होत नाही.