प्रसाद आणि जबाबदारी

२० फेब्रुवारी २०२४, माघातली एकादशी. बुलढाणा जिल्ह्याच्या लोणार तालुक्यातल्या सोमठाणा गावात हरिनाम सप्ताह सुरू होता. उपवासाचा प्रसाद म्हणून भगर-आमटीची पंगत झाली आणि रात्री शेकडो लोकांना उलट्या-जुलाब सुरू झाले. बीबीच्या ग्रामीण रुग्णालयात जागा पुरेना. माणसांना बाहेर रस्त्यावरच झोपवले, झाडांना दोऱ्या बांधून त्यांवर सलाइनच्या बाटल्या टांगल्या.

वाढणाऱ्यांच्या मनात पाप नव्हते, जेवणाऱ्यांच्या मनात शंका नव्हती. मग प्रश्न उरतो: भाव शुद्ध असला की जबाबदारी संपते का?

बुलढाणा जिल्ह्यात हा प्रश्न घरोघरचा आहे. हिवरा आश्रमात विवेकानंद जयंतीला पुरी आणि वांग्याची भाजी ट्रॅक्टरमधून वाढली जाते. शेगावचे गजानन महाराज २३ फेब्रुवारी १८७८ रोजी लोकांना पहिल्यांदा दिसले, ते उष्ट्या पत्रावळींवरची शिते वेचून खाताना. गुरांसाठी ठेवलेले पाणीही ते प्यायले, असे भक्त सांगतात. ‘महाराजांना काही झाले नाही, देवाच्या अन्नाने काय होणार?’ हा युक्तिवाद इथूनच निघतो. पण महाराजांनी शितालाही मान दिला. आचाऱ्याला हयगयीची मुभा त्यातून मिळत नाही.

२००६ चा अन्न सुरक्षा कायदा भाव मोजत नाही. नफ्यासाठी असो वा नसो, अन्न शिजवून वाटणे हा त्याच्या लेखी अन्नव्यवसायच. धार्मिक किंवा सामाजिक समारंभात अन्न वाटणाऱ्यांनाही नियमांनी नोंदणी सांगितली आहे. अनेक भाविकांना हे खटकते, सेवेला व्यवसाय कसे म्हणायचे?

खरे तर सेवेची जबाबदारी व्यवसायाहून जड आहे. हॉटेलातले गिऱ्हाईक भाजीला वास आला तर ताट परत करते, पैसे देत नाही. प्रसाद मात्र दोन्ही हात पुढे करून घ्यायचा असतो. आमटी आंबूस लागली तरी भरल्या पंगतीत कोणी तोंड उघडत नाही, कारण प्रसादाला नावे ठेवणे पाप. ज्याला नाही म्हणता येत नाही, त्याच्या वतीने नाही म्हणणारा कोणीतरी कढईजवळ उभा हवा.

परवानाधारक अन्नव्यवसायात दर २५ कामगारांमागे एक प्रशिक्षित पर्यवेक्षक असावा, ही अपेक्षा याच विचाराची आहे. ‘फोस्टॅक’ या अन्न सुरक्षा प्रशिक्षण कार्यक्रमाचे प्राथमिक प्रशिक्षण एका दिवसात होते. देवस्थानांसाठी ‘भोग’ नावाचा स्वतंत्र उपक्रम आहे. पाळायचे नियम साधेच: सुटी, कुबट भगर घेऊ नका, कारण दमट जागी साठवलेल्या भगरीवर बुरशी धरते आणि तिचे विष उकळूनही जाईलच असे नाही. आजारी माणसाला वाढायला उभे करू नका. दुपारी शिजवलेली आमटी कीर्तन संपेपर्यंत कोमट ठेवू नका. ५ ते ६० अंशांच्या दरम्यान जंतू झपाट्याने वाढतात.

यात धर्माला परके काय आहे? गीतेचा सतरावा अध्याय प्रहर उलटलेल्या, वास येणाऱ्या, शिळ्या अन्नाला तामस ठरवतो. प्रहर म्हणजे तीन तास. सोवळ्यातही हात धुणे, चूल सारवणे, ताजे पाणी भरणे ही शिस्त होतीच. पुढे त्यात जातीचा विटाळ भरला गेला. तो टाकून द्यायलाच हवा, पण त्याबरोबर स्वच्छतेची शिस्तही सोडून चालणार नाही.

सप्ताह समित्या मंडप, माईक, कीर्तनकार महिनोन्‌महिने आधी ठरवतात. त्याच बैठकीत अन्नाची नोंदणी करावी, गावातल्या दोघा-तिघांना प्रशिक्षणाला पाठवावे आणि वास बदललेली कढई ओतून देण्याचा अधिकार त्यांना सर्वांसमोर द्यावा. त्या दिवशी पंगत तासभर उशिरा बसली, तरी अन्नदात्याने रागावू नये.